कुत्रे भुंकावे, पण किती?

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. शेपटाच्या बाबतीत ते खरे असेल. पण कुत्र्याच्या गळ्याला ही म्हण लागू पडत नाही. कारण नसताना दिवसरात्र भुंकणाऱ्या कुत्र्याला वळण लावता येते, आणि त्यासाठी ना पैसा लागतो ना शहरातला शिक्षक. लागतात ते भाकरीचे चार तुकडे, महिनाभराचा दम आणि घरातल्या सर्वांचे एकमत. यातली शेवटची वस्तू मिळायला सर्वांत अवघड, हे संसारी वाचकांना सांगायला नको.

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला निघाले की वाटेत दौलताबाद लागते. डोंगरावर किल्ला, पायथ्याला गाव, आणि भोवतालच्या रानात सीताफळाच्या, अंजिराच्या बागा आणि विखुरलेल्या शेतवस्त्या. ज्यांचे रान या रस्त्याला लागून आहे त्यांचा अनुभव विचारून पाहा. किल्ला पाहायला येणाऱ्या पाहुण्यांच्या गाड्या, वेरूळच्या बसगाड्या, दिवाळीच्या आगेमागे रस्त्याकडेला सीताफळांच्या पाट्या मांडल्या की थांबणारी गिऱ्हाइके, झाडावरची वानरे, आणि थोड्या अंतरावर मनमाडच्या लोहमार्गावरून जाणारी आगगाडी. दाराशी बांधलेले कुत्रे या प्रत्येकाची हजेरी घेते. सकाळी सुरू झालेले भुंकणे रात्री उशिरापर्यंत चालते, आणि चार-सहा महिन्यांत घरातल्या माणसांच्या कानांना त्याची अशी सवय होते की ते भुंकणे त्यांना ऐकूच येईनासे होते.

खरे नुकसान इथे आहे. झोपमोड होते, परीक्षेला बसलेल्या मुलाचा अभ्यास होत नाही, शेजाऱ्याशी बोलाचाली होते, हे सगळे आहेच. पण ज्या रात्री विहिरीवरची मोटारीची केबल कोणी कापत असते, किंवा रानडुकरांचा कळप मक्यात शिरलेला असतो, त्या रात्रीही आपण कूस बदलून म्हणतो, "ते काय, रोजचेच आहे!" लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोराच्या गोष्टीतली फजिती इथे कुत्र्याची होत नाही, आपली होते.

याच देवगिरीवर १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी चालून आला, तेव्हा राजा रामदेवरायाला चाहूल उशिरा लागली. फौजेचा मोठा भाग बाहेर गेलेला होता, आणि घाईघाईने किल्ल्यात नेलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, असे जुने इतिहासकार सांगतात. एवढा बळकट किल्ला, पण वेळेवर वर्दी नाही तर त्याचा उपयोग काय? आपल्या आखाड्याला तर तटही नाही आणि खंदकही नाही. वर्दी देणारे आहे ते एकटे कुत्रे. म्हणून त्याचे भुंकणे बंद पाडायचे नाही. त्या भुंकण्याला किंमत आणायची आहे. कुत्र्याने वर्दी द्यावी, मालकाने उठून पाहावे, आणि मालक "बास" म्हणाला की कुत्र्याने थांबावे. एवढेच साधायचे आहे.

आधी कान द्या

पहिले काम म्हणजे तीन-चार दिवस नुसते ऐकणे. कुत्रे केव्हा भुंकते, तोंड कोणत्या दिशेला असते, आवाज कसा असतो आणि ते कशाने थांबते, एवढेच पाहायचे. घरातल्या शाळकरी मुलाला वहीच्या मागच्या पानावर हे टिपून ठेवायला सांगा. मुले हे काम आवडीने करतात, आणि बहुधा बापापेक्षा नीट करतात.

भुंकण्यात अर्थ असतो आणि तो माणसाला कळतो, हे आता शास्त्रानेही मान्य केले आहे. हंगेरीत बुडापेस्टच्या संशोधकांनी मुडी नावाच्या मेंढपाळी कुत्र्यांचे निरनिराळ्या प्रसंगीचे भुंकणे ध्वनिमुद्रित केले, ते लोकांना ऐकवले आणि हे कोणत्या प्रसंगीचे असेल असे विचारले. २००५ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्यांनी कधी कुत्रे पाळले नव्हते अशा लोकांनाही बऱ्याच वेळा बरोबर उत्तर देता आले. मग ज्यांच्या दारात पिढ्यान्‌पिढ्या कुत्रे आहे त्यांना ते का कळू नये?

जाड आवाज, भराभर एकामागून एक भुंकणे आणि तोंड एकाच बाजूला रोखलेले, म्हणजे परके कोणी जवळ आले आहे. हे भुंकणे ऐकून उठलेच पाहिजे. आवाज बारीक, एकदा भुंकून थोडा वेळ गप्प, पुन्हा एकदा, असे तासन्‌तास चालले असेल तर कुत्रे एकटे पडले आहे. शेपूट पोटाशी घेऊन, मागे सरकत भुंकणारे कुत्रे भ्यालेले असते, आणि तेच पुढे कोपऱ्यात सापडले की चावते. भुंकणारा कुत्रा चावत नाही या म्हणीवर विसंबून राहू नका. ताटाकडे पाहून भुंकते ते मागते आहे. लांबच्या वस्तीवरचे एक ओरडले म्हणून सगळ्या शिवारातली ओरडतात, ती नुसती भावकीला साथ असते. आणि भाद्रपदात जो गोंधळ चालतो त्याचे कारण कोणाला सांगायला नको. त्या गोंधळावर शिकवणीचा उपाय नाही. जनावरांच्या डॉक्टरांना विचारून नसबंदी करून घेणे हाच उपाय. त्याने भटकणेही कमी होते.

साखळीचे दुखणे

आपल्याकडचे निम्मे भुंकणे साखळीतून येते, असे माझे मत आहे. तीन हाताची साखळी, रस्त्याकडे तोंड, दुपारचे ऊन आणि करायला काही काम नाही. दिवसभर समोरून शंभर वस्तू जातात, त्यातल्या एकीजवळही त्याला जाता येत नाही. गंमत अशी की बस येते, कुत्रे भुंकते, बस निघून जाते. बस आपल्या वाटेने जाणारच होती. पण कुत्र्याला वाटते, ती मीच पळवून लावली. रोज वीस वेळा असा विजय मिळाल्यावर ते गप्प का बसेल?

तेव्हा प्रथम जागा बदला. रस्ता दिसणार नाही, पण गोठा, अंगण आणि घरची माणसे दिसतील अशा बाजूला त्याला न्या. मध्ये तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा कूड घातला तरी मोठा फरक पडतो. बांधणे भागच असेल तर दोन खांबांमध्ये डोक्याच्या उंचीवर जाड तार ताणा, तारेत लोखंडी कडी सोडा आणि कडीला साखळी लावा. कडी तारेवरून सरकते आणि कुत्र्याला दहा-पंधरा पावले इकडून तिकडे फिरता येते. तारेला दोन्ही टोकांच्या अलीकडे गाठ मारावी, म्हणजे साखळी खांबाला गुंडाळत नाही. ही तार विजेच्या खांबाला कधीही बांधू नका. विहिरीच्या कठड्याजवळ आणि कुंपणाजवळही नको. पलीकडे उडी मारली तर कुत्रे साखळीला लटकते. गळ्यातला पट्टा रुंद असावा आणि त्याखाली दोन बोटे सहज जावीत. सावली, मातीच्या भांड्यात पाणी आणि खाली गोणपाट, एवढी सोय तर कोणालाही करता येते.

त्यानंतर काम. सकाळ-संध्याकाळ रानात जाताना कुत्रे सोबत न्या. अर्धा तास बांधाबांधाने हुंगत फिरलेले कुत्रे घरी येऊन झोपते. संध्याकाळची भाकरी कधी कधी ताटलीत न देता तिचे तुकडे करून कडब्याच्या पेंढीत लपवा. ती शोधण्यात त्याचा वेळ चांगला जातो. चघळायला कच्चे मोठे हाड द्यावे. शिजवलेले कोंबडीचे हाड मात्र देऊ नये, त्याच्या धारदार काड्या होऊन आतड्यात रुततात.

कायद्याचेही ऐकून ठेवा. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. कायम साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवले नाही तर तो त्या कायद्याने मालकाचा गुन्हा ठरतो. हे फार थोड्या लोकांना ठाऊक आहे.

"बास" कसे शिकवावे

आता मुख्य गोष्ट. कुत्रे भुंकू लागले की आपण घरातून ओरडतो, "ए, गप! हाड!" त्याला आपली भाषा कळत नाही. त्याला एवढेच कळते की मी भुंकलो आणि मालकही माझ्याबरोबर भुंकू लागला. त्याला आणखी चेव येतो. म्हणून पहिला नियम असा की ओरडायचे नाही.

आधी बक्षिसाची तयारी करा. शेंगदाण्याएवढे तुकडे पुरेत, मोठे नकोत. उकडलेले अंडे, काळजाचा तुकडा, किंवा शाकाहारी घरात तूप लावलेली भाकरी. कोरडी भाकरी घेऊन पळालेल्या कुत्र्यामागे नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावले होते. आपल्याला बोटभर तूप पुरेल. द्राक्षे, बेदाणे आणि कांदा मात्र कुत्र्याला कधीच देऊ नयेत. द्राक्षांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते, आणि कांद्याने त्याचे रक्त खराब होते. बागाईतदारांच्या घरी हे विशेष लक्षात ठेवले पाहिजे.

कुत्रे भुंकले की त्याच्याजवळ जा. ते जिकडे पाहते तिकडे तुम्हीही पाहा. हे नुसते नाटक समजू नका, खरेच पाहा. मग सावकाश, खालच्या आवाजात "बास" म्हणा आणि तुकडा मुठीत धरून त्याच्या नाकाजवळ न्या. कुत्रे हुंगू लागते, आणि हुंगताना त्याला भुंकता येत नाही. गप्प झाले की मनात एक, दोन, तीन मोजा आणि तुकडा द्या. मोजता मोजता ते पुन्हा भुंकले तर मूठ मागे घ्या आणि पहिल्यापासून सुरू करा. दुसऱ्या दिवशी पाच अंक मोजा, मग दहा, मग वीस. आठवडाभराने मूठ नाकाजवळ न नेता नुसता शब्द उच्चारून पाहा. थांबले तर तुकडा द्या आणि पाठीवर हात फिरवा. पुढे तुकडा दर वेळी न देता अधूनमधून द्यावा. पाठीवरचा हात मात्र दर वेळी हवा.

यात दोन ठिकाणी चूक होते. पहिली चूक वेळेची. कुत्रे गप्प झाल्यावर एक-दोन सेकंदांत तुकडा तोंडात पडला पाहिजे. मालक घरात जाऊन शिंक्यावरून भाकरी काढून आणीपर्यंत कुत्रे पुन्हा भुंकलेले असते, आणि मग भाकरी भुंकण्याची मिळते. म्हणून तुकडे खिशात किंवा कनवटीला ठेवा. दुसरी चूक शब्दाची. आजोबा "हाड" म्हणतात, आई "गप रे" म्हणते, गडी "यू यू" करतो आणि पोरे त्याला मुद्दाम चिडवतात. सर्वांनी बसून एक शब्द ठरवा आणि पोरांना ताकीद द्या. एक माणूस जरी फुटला तरी महिन्याची मेहनत वाया जाते.

मागून खाण्यासाठी भुंकणाऱ्या कुत्र्याची रीत वेगळी. त्याच्यापुढे "बास" नाही, रागावणे नाही, काहीच नाही. पाठ फिरवून बसायचे. ते गप्प बसले की मग त्याची ताटली ठेवायची. एक सांगून ठेवतो, पहिले दोन-तीन दिवस ते पूर्वीपेक्षा जास्त भुंकेल. आजवर भुंकून मिळत होते, आता का मिळत नाही म्हणून ते जोर लावून पाहते. इथेच आजीचे काळीज विरघळते आणि ती गुपचूप चतकोर टाकते. त्या चतकोराने कुत्रे असे शिकते की थोडे भुंकून भागत नाही, तीन दिवस भुंकावे लागते. पूर्वीपेक्षा वाईट! शेजाऱ्यांना आधीच जाऊन सांगा की बाबांनो, आठवडाभर सोसा, कुत्र्याला वळण लावतो आहे. सांगितले की माणूस सोसतो.

रस्त्यावरच्या गाड्या आणि येणारी-जाणारी माणसे यांची सवय दुरून करावी. कुत्र्याला रस्त्यापासून इतके लांब न्या की बस दिसेल पण ते भुंकणार नाही. बस दिसली की तुकडा, बस गेली की तुकडा बंद. रशियातल्या पाव्हलॉव्ह या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की खाण्याआधी रोज एक ठरावीक खूण मिळाली की पुढे नुसत्या त्या खुणेने कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. इथे बस हीच खूण. काही दिवसांनी बस आली की कुत्रे बसकडे न पाहता तुमच्याकडे पाहील. मग रोज पाच-दहा पावले पुढे सरका. दुधवाला, पोस्टमन, शेजारची शाळकरी पोरे यांच्या हातूनही अधूनमधून तुकडा टाकायला लावा, पण तुमच्या देखत. परक्याच्या हातचे केव्हाही खायची सवय लागली तर राखणच संपली.

रात्रीची गोष्ट

रात्री शिवारातली कुत्री एकमेकांना साथ देतात. हे थांबवायचे तर संध्याकाळी फिरवून, उशिरा जेवण देऊन कुत्र्याला गोठ्यात किंवा पडवीत, दार लावून झोपवावे. आत असले तरी त्याचा उपयोग कमी होत नाही. त्याचा कान आपल्यापेक्षा फार तिखट असतो.

आत झोपवण्याचे दुसरेही मोठे कारण आहे. या जिल्ह्यात कन्नडकडे गौताळ्याचे अभयारण्य आहे, आणि बिबट्या आता फक्त जंगलात राहणारा प्राणी उरलेला नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचे खाणे तपासले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, भक्ष्याच्या वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. शेळ्यांचा वाटा त्याहून फार कमी होता. आखूड साखळीला उघड्यावर बांधलेले कुत्रे रात्रभर भुंकून आपला पत्ता सांगते, आणि वेळ आली तर त्याला पळताही येत नाही. जिथे बिबट्याचा वावर आहे तिथे हे कुत्रे राखण करत नाही, ते बिबट्याला घराशी बोलावते.

रात्री जाड आवाजात भुंकले तर मात्र बॅटरी आणि काठी घेऊन, दुसऱ्या माणसाला सोबत घेऊन उठा. पाहा, आणि "बास" म्हणा. आपण वर्दी दिली की मालक येतो, हे कळलेले कुत्रे थोडक्यात आटोपते. कोणीच येत नाही म्हणून तर ते तासभर ओरडत राहते.

काय करू नये

तोंडाला दोरी बांधणे हा सर्वांत वाईट उपाय. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकून अंग गार करते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तोंड बांधलेले कुत्रे दुपारपर्यंत मरू शकते. मिरचीपूड, गरम पाणी, दगड, विजेचा झटका देणारा पट्टा, यांतल्या कशानेही भुंकण्याचे कारण जात नाही. फार तर कुत्रे भिऊन गुरगुरणे सोडते आणि मग सूचना न देता चावते. चंपाषष्ठीला खंडोबाचे म्हणून ज्याला आपण नैवेद्य घालतो त्याच्यावर इतर दिवशी दगड का उगारावा, हेही मनाला विचारून पाहावे.

शेजाऱ्याच्या कुत्र्याला पिठाच्या गोळ्यातून कीटकनाशक घालण्याचे प्रकार घडतात. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ प्रमाणे जनावराला विष घालणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय तो गोळा कोंबडी, मांजर, क्वचित रांगते मूलही उचलते.

आवाज बदलला तर

एरवी खणखणीत भुंकणाऱ्या कुत्र्याचा आवाज एकाएकी घोगरा झाला, लाळ गळू लागली, खालचा जबडा लोंबू लागला, ते दिसेल त्याला चावू लागले किंवा कोपऱ्यात दडून राहिले, तर तिथे शिकवणीचा प्रश्न नाही. ही पिसाळण्याची लक्षणे असू शकतात. घशात हाड अडकले असेल म्हणून तोंडात हात घालू नका. माणसे आणि गुरे दूर करा आणि जनावरांच्या दवाखान्याला कळवा. चावा, ओरखडा किंवा जखमेवर लाळ लागली तर ती जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस सुरू करा. चुना, हळद, मिरची काही लावू नका. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगातून माणूस बहुधा वाचत नाही. लस वेळेवर आणि पूर्ण घेतली तर वाचतो. कुत्र्याला तीन महिन्यांचे झाल्यावर पहिली लस टोचून घ्या आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी दर वर्षी.

म्हातारे कुत्रे रात्री उगाच भुंकू लागले तर त्याला बहुधा दिसत किंवा ऐकू येत नसते, नाहीतर सांधे दुखत असतात. त्याला माणसांजवळ, उबेला झोपू द्या.

पिल्लू आणायचे असेल तर

ते आठ आठवडे आईजवळ राहू द्या. त्याआधी उचललेले पिल्लू पुढे भित्रे आणि भुंकरे निघण्याचा संभव असतो. घरी आणल्यापासून तीन-साडेतीन महिन्यांचे होईपर्यंतचा काळ मोलाचा. या दिवसांत त्याला ट्रॅक्टर, बैलगाडी, शेळ्या, छत्री घेतलेला माणूस, काठी टेकणारी म्हातारी, शाळेतून येणारी पोरे, सगळे दाखवावे. कडेवर घेऊन बाजाराच्या कडेने एक फेरी मारली तरी चालेल. लस पूर्ण होईपर्यंत भटक्या कुत्र्यांत मात्र सोडू नये. "बास" हा शब्दही याच वयात शिकवावा. पिल्लू दोन-चार दिवसांत शिकते, आणि तुकडेही त्याला लहान लागतात.